फाट्यावरची डबल घंटी

"खड्डा कुठं हाये ते मले दाखवा," चांगुणा म्हणाली. "आत्ता चला. चप्पल घाला अन् दाखवा."

पंजाबरावांनी कंडक्टरच्या खाकी शर्टाची दोन बटणं काढली होती. तिसऱ्यावर हात थांबला. "पुलाच्या अलीकडं. सांगतलं ना सकाळीच."

"अलीकडंबी पाह्यलं, पलीकडंबी पाह्यलं. दुपारून गेली होती मी."

"तू पुलावर गेलती? कायले?"

"खड्डा पाह्यले. लोक लोणारचं तळं पाह्यले येतात, मी तुमचा खड्डा पाह्यले गेली."

"पाण्यानं भरला असन."

"भरला असता तं डबकं दिसलं असतं. माह्यासमोर मुरमाचा ट्रॅक्टर गेला. दुधाची गाडी गेली. सिलिंडरवाला गेला. तुमचीच एसटी तेवढी नाजूक हाये का?"

"मोठी गाडी हाये ते. चाकावरचा लोखंडी पाटा तुटला तं डेपो ड्रायव्हरले विचारते, तुले नाही. गोकुळ आणतच नाही गावात. मी काय स्टेअरिंग धरू?"

"मागच्या पावसाळ्यात हाच गोकुळ होता, हाच पूल होता. तवा कशी येत होती?"

"तू काय चेकिंगवाली झाली का आता?"

दारातल्या दगडावर बसून वैष्णवी पायावर पाणी ओतत होती. फाट्यापासून घरापर्यंतचा काळा चिखल तिच्या पोटऱ्यांना चढला होता. सँडलचा एक पट्टा तुटला होता, तो तिने सुतळीने बांधला होता. "आई, राहू दे ना," ती म्हणाली. "मी जाते ना पायी."

"तुले कोणी विचारलं?"

पंजाबराव टॉवेल घेऊन मोरीकडे गेले. भांडण मिटलं असं त्यांना वाटलं. चांगुणाचं भांडण मिटत नसे, ते फक्त जागा बदलत असे. रात्री तिने भाकरी वाढली, भाजी वाढली, पाणी दिलं आणि स्वतः दाराकडे तोंड करून बसली. पंजाबरावांनी जेवता जेवता दोनदा तिच्याकडे पाहिलं.

कवठखेडात चांगुणाचा संशय सगळ्यांना माहीत होता. किराणावाले शंकरराव तिला डाळ देताना काट्याचं तोंड तिच्याकडे फिरवून ठेवत आणि वर म्हणत, "पाहा बाप्पा, नीट पाहा." तिच्याकडे ब्लाउज शिवायला आलेलं कापड ती त्या बाईसमोरच उलगडून मोजायची, उरलेल्या तुकड्याची घडी करून तिच्याच पिशवीत टाकायची. टीव्हीवर बातमी लागली की तिचा पहिला प्रश्न असे, "याले कोणी सांगतलं?" नवऱ्याच्या नात्यात तिला 'पोलीस पाटलीण' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि त्याचा तिला राग नव्हता.

हा स्वभाव घेऊन ती जन्मली नव्हती. तिचं माहेर बीबीच्याही पलीकडलं, लहानसं गाव. तिथे तेव्हा एका संस्थेने भाड्याच्या घरात नववीपर्यंतची शाळा काढली होती. शाळेला पोरं हवी होती म्हणून सर बौद्धवाड्यात आले, ओसरीवर खाली बसले आणि चांगुणाच्या आईच्या हातचा चहा बशीत ओतून प्यायले. त्या काळी, त्या गावात, ही बोलण्यासारखी गोष्ट होती. बापाने त्या चहावर पोरगी शाळेत घातली. चांगुणा आठवी पास झाली, त्या उन्हाळ्यात संस्थेने शाळा मोठ्या गावाला हलवली. बाकं, फळे, लोखंडी कपाट, सगळं एका टेम्पोत चढलं. चहा पिणारे सर टेम्पोत पुढे बसून गेले. पोरं सायकलींवर त्या शाळेमागे गेली. पोरी गावात राहिल्या. चांगुणा त्या वर्षी शिलाई मशीनवर बसली ती आजवर बसलेलीच होती. तेव्हापासून कोणी गोड बोललं की हा उद्या कुठे जाणार आहे, हे ती आधी पाहायची.

कवठखेडचं हायस्कूल मात्र स्वतःच्या इमारतीत होतं. गावाच्या वरच्या अंगाला, टिनाच्या वर्गांची रांग, पुढे मैदान, मैदानात कडुनिंब. चांगुणा लग्न होऊन आली तेव्हा प्रार्थनेच्या रांगा फाटकापर्यंत येत. आजूबाजूच्या वाड्यांवरून पोरं पायी येत, मधल्या सुट्टीत सगळा रस्ता पांढऱ्या सदऱ्यांनी भरून जाई. मग इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या गावात शिरू लागल्या. नंतर पोरींना तालुक्याच्या शाळेत नेणारी सरकारी निळी गाडी सुरू झाली. रांगा आखूड होत कडुनिंबापाशी येऊन थांबल्या.

आता मे महिन्यात सर लोक डोक्याला रुमाल बांधून घरोघर फिरत. पटावर पोरं नसली तर सरांची जागा जाते, हे लहान पोरांनाही कळत होतं. कोणी दप्तर देई, कोणी गणवेश. शेजारच्या विमलबाईच्या पोराला दोन शाळांची दोन दप्तरं मिळाली होती. त्यातल्या एकात विमलबाई कांदे ठेवायची.

यंदा चांगुणाच्या घरी आलेले सर म्हणजे तिचा सख्खा दीर, प्रसेनजित. तो हायस्कुलात भूगोल शिकवायचा आणि तिथल्या मास्तरांमध्ये सगळ्यात शेवटी लागलेला होता. राहायचा तालुक्याला, फ्लॅटमध्ये. पंजाबरावांनी या भावाला पोरासारखं वाढवलं होतं. स्वतः दहावीवर कंडक्टर झाले आणि भावाला बीएडपर्यंत नेलं. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे ते अजूनही असे बघत, जणू तो शर्ट त्यांनीच घातला आहे.

मे महिन्यात प्रसेनजित आंब्यांची पेटी घेऊन आला होता. "वहिनी, वैष्णवीचं नाव आपल्याच शाळेत टाकू. घरची शाळा हाये. मी हायेच तिथं."

चांगुणाने पेटीतला एक आंबा उचलून हुंगला. "संघर्षचं नाव कुठं हाये?"

संघर्ष हा प्रसेनजितचा मुलगा. वैष्णवीच्याच वयाचा.

"त्याचं इंग्लिश मीडियम हाये ना वहिनी. त्याले आता मराठीत जमणार नाही."

"मंग वैष्णवीलेबी तालुक्याचं जमू द्या. तिथं प्रयोगशाळा हाये म्हणते ते."

प्रसेनजित हसला. आंबे ठेवून गेला. पंजाबराव दोन दिवस बायकोशी तुटक बोलले आणि मग विषय संपला. वैष्णवी तालुक्याच्या कन्याशाळेत आठवीला गेली. गावातल्या आणखी काही पोरी तिच्याबरोबर गेल्या. निळ्या गाडीवर ड्युटी पंजाबरावांचीच होती. बाप कंडक्टर म्हटल्यावर चांगुणानेही, तिच्या मानाने, निर्धास्तपणे पोरीला पाठवलं.

सुरुवातीला गाडी गावात विहारापर्यंत यायची. तिथून पोरी चढायच्या. जुलैच्या मध्यापासून गाडी गावात वळेनाशी झाली. फाट्यावरून सरळ तालुक्याला जायची. पोरींना फाट्यापर्यंत चालत जावं लागे, दोन्ही बाजूंना डोक्याएवढी झुडपं आणि मधे कोणी नाही. पाऊस असला की डोक्यावर खताच्या पोत्याचा प्लास्टिक कागद. एखादी मागे राहिली आणि गाडी गेली, की तिची त्या दिवशीची शाळा बुडाली. घरोघरच्या माणसांनी काही दिवस पाहिलं. मग एकेकीने तालुका सोडला. तिघी गावच्या हायस्कुलात आल्या. त्यांना प्रसेनजित सरांनी नवी दप्तरं दिली.

विमलबाईची काजल कुठेच गेली नाही. चांगुणाला ती सोयाबीनच्या ओळीत दिसली, आईच्या शेजारी, हातात खुरपं. अंगावर शाळेचा शर्ट होता, मळू नये म्हणून उलटा घातलेला.

"काऊन वं विमलबाई, पोरगी घरी?"

"फाट्यावर पाठवाले भेव वाटते माय. तरणी पोर."

"मंग हायस्कुलात घाल."

"तिथं कायले घालू? तुह्या दिराचंच ठिकाण नाही म्हणतात, राह्यते का जाते. घरी तं घरी. निंदाले तरी येते संगं."

चांगुणाने काजलकडे पाहिलं. काजलने वर पाहिलं नाही. ती तण उपटून डाव्या हाताच्या मुठीत जमवत होती आणि मूठ भरली तरी टाकत नव्हती.

त्या संध्याकाळपासून चांगुणाचा संशय कामाला लागला. आधी तो रस्त्यावर गेला. रस्ता बरा निघाला. मग ग्रामपंचायतीवर, मग गोकुळ ड्रायव्हरवर. संशय घराबाहेर हिंडत होता तोवर तिला त्याचं काही वाटत नव्हतं. पण पुलावर उभी राहून तिने सिलिंडरची गाडी सरळ जाताना पाहिली, तेव्हा तो मागे वळला आणि तिच्याबरोबर घरापर्यंत आला.

गोकुळ जानेफळचा. रजेच्या दिवशी तो बायकोचे राखीचे ब्लाउज न्यायला आला. ब्लाउज तयार होते, पण आत जाऊन चांगुणाने एकाचे हुक उसवले. चांगुणा म्हणाली, "हुक लावाचे राह्यले, गोकुळभाऊ. बसा, चहा घ्या. पाच मिन्टाचं काम हाये."

गोकुळ बसला. पंजाबराव घरी नव्हते. चांगुणाने सुई ओवली.

"पाटा कसा हाये तुमच्या गाडीचा?"

"कोणता पाटा, वहिनी?"

"पुलाजवळच्या खड्ड्यानं तुटून राह्यला होता तो."

गोकुळ मोठ्याने हसला. "कोणी सांगतलं तुमाले? ते गाडी काय पापडाची हाये का?"

"मंग गावात काऊन नाही आणत?"

"आता मी काय सांगू. वळणावर मी रोज गाडी हळू करतो. मागून डबल घंटी येते. एक घंटी म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. डबल आली का मी सरळ जातो. सवारीचं कंडक्टरले माहीत रायते, आमी पुढं पाह्यतो." त्याने चहा संपवला. "पंजाबभाऊ म्हणे, गावच्या पोरी आता फाट्यावरच येतात, आत जायचं काम नाही. मले वाटलं गावानं ठरवलं असन." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "काऊन वहिनी? काही झालं काय?"

"काही नाही. अजून घ्या चहा."

त्या ब्लाउजचे हुक उलटे लागले. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. ते उसवून तिला पुन्हा लावावे लागले.

गोकुळच्या सांगण्यावरही तिने लगेच भरोसा ठेवला नाही. ड्रायव्हर आपली चूक कंडक्टरवर ढकलतो, हे तिने नवऱ्याच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी वैष्णवी निघाल्यावर ती छत्री घेऊन शेताच्या बांधाने फाट्याकडे गेली. गावाचं वळण आधी लागतं, थांबा थोडा पुढे. वळणावरच्या बाभळीमागे ती उभी राहिली. पाऊस बारीक होता. गाडी आली, हळू झाली. गावाच्या बाजूचा इंडिकेटर लुकलुकत होता. खिडकीतून तिला खाकी बाही दिसली, दोरीकडे गेलेली. टणटण, दोनदा. इंडिकेटर बंद झाला. गाडी सरळ गेली आणि पुढे थांब्यावर उभी राहिली. पंजाबराव स्वतः दार उघडून खाली उतरले, वैष्णवीच्या हातातली ओली छत्री घेतली आणि तिला दंडाला धरून वर चढवलं.

चांगुणा बाभळीखाली उभीच राहिली. नवरा खोटं बोलतो, एवढंच दिसलं असतं तर ती तडक घरी येऊन भांडली असती. पण छत्री घेणारा हातही तिने पाहिला होता आणि त्या हाताचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. ती आली तशी बांधाने परत गेली. वाटेत विमलबाईच्या घरी थांबली, बऱ्याच वेळाने बाहेर पडली. घरी मात्र कोणाला काही बोलली नाही.

वर्षावासातली पौर्णिमा शनिवारी आली. विहारात ग्रंथवाचन झालं, खीर वाटली. प्रसेनजित आणि त्याची बायको सुवर्णा तालुक्याहून आले होते. संघर्षचा क्लास होता म्हणून तो आला नव्हता. दुपारी सगळे चांगुणाकडे जेवायला बसले. पंजाबराव मोकळ्या मनाने हसत होते. भाऊ ताटाला ताट लावून बसला की त्यांना असंच होई.

चांगुणा वाढत होती. "भाऊजी, आठवीत पोरं जमली काय तुमची?"

"जवळ आलो वहिनी. सप्टेंबरच्या शेवटी पटसंख्या धरतात. तवापर्यंत दोन-तीन पोरी अजून आल्या तं निभावते. नाही तं मले अतिरिक्त करतील. मंग जिथं जागा असन तिथं."

"येतील ना," चांगुणा वरण वाढत म्हणाली. "पाऊस हाये अजून. चालून चालून दमतील पोरी, येतील तुमच्याकडं."

पंजाबरावांचा घास हातात राहिला.

"दोन घंट्या माराच्या फक्त," ती म्हणाली. "इंडिकेटर बंद होते. पोरगी शाळेतून बंद होते."

"काय बोलून राह्यली तू?"

"बाभळीमागं उभी होती मी. गोकुळभाऊनं आधी सांगतलं, पण मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. खड्डा पुलावर नव्हता."

वैष्णवी पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. ती बापाकडे पाहत होती.

प्रसेनजितने ताटातला हात काढला. "दादा, मी म्हटलं होतं काय तुले असं कर म्हणून?"

"म्हटलं नाही."

"मंग?"

"तू म्हणे, दादा, तुह्या गाडीनं माही शाळा खाल्ली." पंजाबराव ताटाकडे बघत बोलत होते. "मस्करीत म्हटलं असन तू. मले झोप नाही लागली त्या दिवशी. सप्टेंबरपर्यंतच होतं. पट धरला का गाडी आणणार होतो गावात. माही पोरगी काय, चालली असती तेवढं."

"ताई," सुवर्णा हळूच म्हणाली, "याईले कुठं टाकतील काही सांगता येत नाही. घर, संघर्षची शाळा, सगळं आताच बसलं होतं. तुमी समजून घ्या."

"समजलं म्हणून तं बोलून राह्यली. तुमाले पोरं कमी पडतात ना? संघर्षले आणा. उद्याच्या उद्या आणा. वैष्णवीलेबी मी त्याच्या बाजूले बसवते."

सुवर्णाने भाताचा घास कालवला, परत कालवला. "त्याले मराठी वाचता येत नाही, ताई. चाचरते."

"मास्तराचं पोरगं हाये ते."

प्रसेनजितच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो म्हणाला, "वहिनी, तुमचं खरं हाये. पण माह्या वर्गात ज्या पोरी आल्या त्याईले मी जीव लावून शिकवतो. ते तरी खोटं नाही."

"ते मीबी खोटं म्हणत नाही. काजलले शिकवता काय?"

"कोण काजल?"

"विमलबाईची. गाडीतून सुटली अन् तुमच्या वर्गातबी नाही आली. निंदाले जाते. तुमी दोघं भाऊ बसा अन् तिले कुठं मोजता ते पाहा."

पंजाबरावांनी ताट पुढे सरकवलं. "झालं. सोमवारपासून गाडी गावात आणतो. विहारापर्यंत. आता तरी जेवू दे लोकाईले."

"किती दिवस?"

"रोज."

"भाऊजी परवा पुन्हा काही मस्करीत म्हणतील. तुमाले पुन्हा झोप नाही येणार."

"माह्यावर भरोसा नाही तुले?"

"नाही," चांगुणा म्हणाली.

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. पंजाबरावांनी प्रसेनजितकडे पाहिलं, प्रसेनजितने भिंतीकडे. सुवर्णाने पदर सावरला. बाहेर कुणाच्या तरी घरी पोरं खिरीसाठी भांडत होती.

"वैष्णवीले तुमी दंडाले धरून वर घेता," चांगुणा म्हणाली. "पाह्यलं मी. काजलले कोण घेते?"

"काजल येतच नाही आता फाट्यावर."

"तेच सांगून राह्यली मी."

तिने खिरीचं पातेलं आणलं. आधी प्रसेनजितला वाढलं, मग सुवर्णाला, मग नवऱ्याच्या वाटीत. पंजाबराव वाटीवर हात धरायला विसरले.

"सोमवारी मी अन् विमलबाई डेपोत जाऊन राह्यलो," ती म्हणाली. "काजल शाळेचे कपडे घालून संगं येणार हाये. साहेबाले सांगणार हावो, गाडी गावात वळत नाही, पोरी घरी बसून राह्यल्या."

"मले सस्पेंड करतील, चांगुणा."

"विचारतील, कंडक्टर कोण हाये. पंजाबराव नाव हाये त्याईचं. तेबी मीच सांगणार."